चीनच्या समाजावर संशोधन करायचंय? आधी भाषेची शिष्यवृत्ती बघ

विषय छान निवडलायस, पण लगेच मोठ्या निधीमागे धावू नकोस. आधी भाषा. तैवानच्या शिक्षण मंत्रालयाची हुआयू शिष्यवृत्ती खास मंदारिन शिकण्यासाठीच असते, तिथून सुरुवात कर. मूळ चिनी कागद वाचता येत नसतील तर निवड समितीला तुझा प्रस्ताव पटणं अवघड.

पीएचडीला लागलास की दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ चायनीज स्टडीजची अमेरिकेतल्या हार्वर्ड-येनचिंग इन्स्टिट्यूटसोबतची डॉक्टरल फेलोशिप बघ. अटी त्या वर्षीच्या जाहिरातीतच वाच.

नवखे हमखास इथे चुकतात:

- विषय अघळपघळ ठेवतात. ‘चीनमधलं स्थलांतर’ एवढ्याने भागत नाही. ‘शेनझेन शहराचं हुकौ (सरकारी रहिवासी नोंदणी) नसलेल्या कामगारांच्या मुलांचं शिक्षण’ असं नेमकं लिही.
- शिफारसपत्र शेवटच्या आठवड्यात मागतात. मसुदा घेऊन महिनाभर आधी मार्गदर्शकांना भेट.