भावाचा आकडा ४६ की ५१?

डिचोलीहून एक ताई विचारतात: सर, माझा धाकटा भाऊ हौसेने एका संशोधनात व्हॉलंटिअर म्हणून गेलेला. डोक्यावर आठच्या आकाराची कॉइल धरून टक्क करतात आणि हाताचं बोट आपोआप उडतं, टीएमएस म्हणतात त्याला, म्हणजे चुंबकाच्या झटक्याने बाहेरूनच मेंदूला चालना द्यायची. पहिल्या वेळी त्याचा थ्रेशोल्ड ४६ आला, आठवड्याने ५१. दुसऱ्या खेपेला तो आदल्या रात्री जत्रेतलं नाटक बघून पहाटे घरी आलेला, तेही सांगून टाकते. पण त्यांच्याच माहितीपत्रकात लिहिलंय की ह्या मापाची रिलायबिलिटी, म्हणजे भरवसा, १ पैकी ०.९ आहे. मग एवढा फरक कसा? आई तर म्हणते पोराच्या डोक्याला काही झालं नाही ना.

आईंना आधी सांगा, ४६ चे ५१ झाले यावरून डोक्याला काही झालं असं अजिबात ठरत नाही. हा आकडा म्हणजे मशीनच्या पूर्ण ताकदीच्या किती टक्के जोर लावला की भावाच्या हातातला स्नायू जेमतेम हलतो, एवढंच. ठरवायची पद्धत साधारण अशी की १० टकटकींपैकी निदान ५ वेळा तरी ५० मायक्रोव्होल्टचा सिग्नल स्नायूत दिसला पाहिजे. म्हणजे व्याख्येतच अर्ध्या वेळा हो आणि अर्ध्या वेळा नाही आहे, तिथे आकडा थोडा डुलणारच की.

आणि सिग्नल तर किती डुलतो! मी स्वतः त्या खुर्चीत बसलोय. डोक्यावर पोहण्याची टोपी, तिच्यावर पेनाने खूण, कॉइलचा दांडा मागे आणि जरा बाहेरच्या बाजूला, साधारण ४५ अंशात. जोर तोच, जागा तीच, तरी स्क्रीनवर एकदा छोटासा उंचवटा यायचा आणि पुढच्याच टकटकीला त्याच्या तिप्पट. मधेच ऑपरेटर काहीतरी विनोद बोलला, मला हसू आलं, हात नकळत आवळला गेला आणि पुढचे सगळे सिग्नल एकदम टुणकन मोठे. स्नायू किंचित जरी ताणलेला असला तरी असं होतं, म्हणून ते सारखे "हात ढिला सोडा, हात ढिला सोडा" करत असतात. शिवाय कॉइल काही मिलिमीटर सरकली, मान वळली, पेंग आली, नुकती कॉफी झालेली असली, हे सगळं त्यात धरायचं. जागरणाचंही विचारतात, पण ५ टक्क्यांचं सगळं खापर बिचाऱ्या नाटकावर फोडू नका.

आता ०.९ चं कोडं. हे समजायला म्हापशाच्या बाजारात चला. समजा मासळीवालीचा काटा जरा डुगडुगणारा आहे, एकच मासा दोनदा ठेवला तर १० ग्रॅम इकडेतिकडे होतात. त्यावर एक विसवण, एक बांगडा, एक तारलं असे ओळीने ठेवा, परत एकदा ठेवा, दोन्ही वेळा मोठं कोण लहान कोण तेच येणार, काटा एकदम भरवशाचा वाटणार. आता फक्त दहा बांगडे घ्या, सगळे जवळजवळ सारख्या वजनाचे. पहिल्या वेळी तिसरा आलेला दुसऱ्या वेळी आठवा येईल. काटा तोच आहे, डुगडुगही तेवढीच, फक्त मासे बदलले. ०.९ हा आकडा, ज्याला आयसीसी म्हणतात, तो असाच आहे, माणसामाणसांत फरक किती आणि त्यामानाने डुगडुग किती हे तो सांगतो. थ्रेशोल्डमध्ये कुणाचा ३५ तर कुणाचा ७० येतो, कवटीपासून मेंदू किती आत आहे यावरही ते अवलंबून असतं, म्हणून आयसीसी झकास निघतो. पण एकट्या तुमच्या भावासाठी तो आकडा काही कामाचा नाही.

त्याच्यासाठी त्यांना विचारा, "एका माणसात तुमचं माप किती डुलतं?" त्याला मापाची प्रमाण चूक म्हणतात. ती समजा २ असेल, तर तिला २.७७ ने गुणायचं, साडेपाचच्या आसपास येतात. त्याच्या आतला फरक खरा की नुसती डुगडुग हे कळायला मार्ग नाही, आणि भावाचा फरक ५ आहे. हा २ मी उदाहरणाला घेतलाय हं, त्यांचा खरा आकडा त्यांच्याकडून घ्या आणि माहितीपत्रकात का नाही छापला हेही विचारा, हक्क आहे तुमचा.

फोंड्याहून फिजिओथेरपीची विद्यार्थिनी: प्रोजेक्टमध्ये वर्गातल्या १२ जणांवर टीएमएसची रिलायबिलिटी काढायची आहे. दोन दिवसांच्या मापांचं कोरिलेशन काढलं तर चालेल ना? आणि टकटकी किती द्यायच्या?

बाय, कोरिलेशन नको. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे आकडे सरसकट १० ने वाढले तरी कोरिलेशन पूर्ण १ येईल आणि तू खूश होशील. आयसीसी काढ, त्यातही दोन्ही दिवसांचे आकडे खरोखर जुळतात का हे बघणारा प्रकार घे, कारण नुसता क्रम बघणारा प्रकारही आहे आणि रिपोर्टमध्ये कुठला घेतला ते बरेच जण लिहीतच नाहीत, मग वाचणाऱ्याने काय समजायचं? सोबत प्रत्येकाच्या दोन मापांतला फरक त्यांच्या सरासरीसमोर मांडून ग्राफ काढ, ब्लँड आणि ऑल्टमन यांची १९८६ पासून रुळलेली पद्धत. वर्गातली १२ मुलं म्हणजे आपले ते दहा बांगडेच, आयसीसी पडला तर लगेच मशीनला नावं ठेवू नकोस.

सिग्नल किती मोठा येतो हे मोजायला टकटकी २० ते ३० दे. पहिल्या काही बऱ्याचदा मोठ्या येतात, त्या वगळायच्या की नाही ते आधीच ठरवून लिहून ठेव, आकडे बघून नाही. दोन्ही दिवस वेळ तीच, कॉइल धरणारी व्यक्तीही तीच. आणि दुसऱ्या दिवशी टोपीवर जुनी खूण असेल तर ती वापरायची की जागा नव्याने शोधायची हे तुझ्या सरांना विचार, कारण ही दोन वेगळी मापं आहेत. जोडटकटकीच्या मापाला, म्हणजे २-३ मिलिसेकंदांच्या अंतराने दोन टकटकी देऊन मेंदूचा आतला ब्रेक मोजतात ना (१९९३ पासून चालू आहे), त्याला पहिल्याच प्रोजेक्टमध्ये हात लावू नकोस, ते थ्रेशोल्डपेक्षा जास्त डुलतं.

पुढे "उपचाराने फरक पडला" असं काही दाखवायचा विचार असेल तर एक लक्षात ठेव. २०१३ साली लंडनच्या संशोधकांनी ५२ जणांना थीटा बर्स्ट, म्हणजे भराभर झुबक्यांनी दिलेल्या टकटकी, दिल्या, तेव्हा एकूण सरासरीत परिणाम काहीच दिसला नाही, काहींचा सिग्नल वाढला, काहींचा घटला. त्यातले किती खरेच बदलले आणि किती नुसते डुलले, हे दोनदा मोजल्याशिवाय कोण सांगणार? मला तर लोकांवर "रिस्पॉन्डर", म्हणजे ह्याला गुण येतो, असा शिक्का मारायची घाईच आवडत नाही.

मडगावहून: आईला डिप्रेशनसाठी टीएमएस सुचवलंय. माप एवढं डळमळीत असेल तर उपचारही तसाच का?

नाही हो, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उपचारात थ्रेशोल्ड फक्त डोस ठरवायला लागतो, बऱ्याचदा नुसतं अंगठा हलतो का ते डोळ्यांनी बघून. उपयोग होतो की नाही हे मूडच्या मोजमापांवरून तपासलेलं आहे आणि अमेरिकेत २००८ सालीच त्याला मान्यता मिळाली. प्रत्येकाला गुण येतो असं मात्र नाही. डॉक्टरांना एवढं विचारा की थ्रेशोल्ड मधेमधे परत बघणार का, विशेषतः औषधं बदलली तर. आईंना कधी फिट आली असेल, डोक्यात कुठे धातूची क्लिप किंवा कानात इम्प्लांट असेल, पेसमेकर असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा, आणि मशीनचा आवाज मोठा असतो तेव्हा कानात घालायला बोळे मागून घ्या.