कॅलिफोर्नियात शहरं नागरी हक्क विभागाच्या निधीसाठी राज्याकडे आग्रह का धरतात?

कारण भेदभावाची तक्रार घेऊन माणूस अनेकदा आधी नगरपालिकेच्या दारात येतो, पण राज्याचा कायदा राबवण्याचं काम राज्याच्या नागरी हक्क विभागाचं. 2024 च्या एसबी (सिनेट बिल) 1340 कायद्याने नोकरीतल्या भेदभावाबाबत शहरांना काही अटींवर अंमलबजावणीची मुभा दिली. तरी बहुतेक लहान शहरांकडे त्यासाठी ना वकील, ना तपासनीस. विभागाकडे माणसं कमी पडली की तपास रेंगाळतो, साक्षीदार पांगतात.

मागणीची वेळ ठरलेली असते. जानेवारीत गव्हर्नर अर्थसंकल्प मांडतात, मे महिन्यात तो सुधारतात, 15 जूनपर्यंत विधिमंडळाला तो मंजूर करावा लागतो. त्याआधी शहराने ठराव करावा, आमदारांना पत्रं पाठवावीत आणि विधिमंडळाच्या अर्थसंकल्प उपसमितीपुढे बोलावं. माझ्या मते नुसत्या ठरावापेक्षा आपल्या शहरातल्या खोळंबलेल्या तक्रारी मांडणं जास्त परिणामकारक.

आपल्यासाठीही हे महत्त्वाचं आहे. 2023 मध्ये जातिभेदविरोधी एसबी 403 विधेयक गव्हर्नर न्यूसम यांनी नाकारलं, तेव्हा आधीच्या कायद्यांत जातीवरून भेदभावाला बंदी आहेच, असं कारण दिलं. मग ती बंदी राबवायला पैसा द्यायलाच हवा, हे तिथल्या मराठी मंडळींनीही आपल्या नगरसेवकांना ठणकावून सांगावं.