हादगा ग्रँडिफ्लोरा, मग जाई ग्रँडिफ्लोरम का?

प्रश्न असा: हादग्याचं शास्त्रीय नाव 'सेस्बानिया ग्रँडिफ्लोरा', जाईचं मात्र 'जास्मिनम ग्रँडिफ्लोरम'. दोन्हीकडे अर्थ 'मोठ्या फुलांचं', मग शेवट वेगळा का? छपाईतली चूक तर नव्हे?

चूक नाही. हे लॅटिन विशेषण आहे आणि ते नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं: पुल्लिंगी ग्रँडिफ्लोरस, स्त्रीलिंगी ग्रँडिफ्लोरा, नपुंसकलिंगी ग्रँडिफ्लोरम. सेस्बानिया स्त्रीलिंगी, जास्मिनम नपुंसकलिंगी. 'काळा, काळी, काळं' म्हणणाऱ्या आपल्याला यात नवल वाटायला नको.

खरी गंमत समासात आहे. 'ग्रांदिस' म्हणजे मोठा, 'फ्लोस' म्हणजे फूल. फ्लोस मुळात पुल्लिंगी, त्याची षष्ठी 'फ्लोरिस'. समासात शिरल्यावर मात्र तो आपलं लिंगही सोडतो आणि चालही (म्हणजे विभक्तीची रूपं चालवण्याची पद्धत). शाळेतला बहुव्रीही आठवा: पीत आहे अंबर ज्याचे तो पीतांबर. अंबर नपुंसकलिंगी, तरी संस्कृतात विष्णू 'पीताम्बरः' आणि बगलामुखी देवी 'पीताम्बरा'. अगदी तोच प्रकार.

पूर्वपद जोडताना प्रथमेचं रूप घेत नाहीत. षष्ठीवरून अंग शोधायचं आणि सांध्यात 'इ' ठेवायचा. हृदय म्हणजे 'कोर', षष्ठी 'कोर्दिस'. म्हणून हृदयाकार पानांची गुळवेल 'कॉर्डिफोलिया'. कठीण कवचाचं फळ 'नुक्स', षष्ठी 'नुकिस'. म्हणून नारळ 'न्यूसिफेरा', असं फळ धारण करणारा. (उच्चार आपण इंग्रजांकडून घेतला, जुना रोमन माणूस 'नुकिफेरा' म्हणाला असता.) हेच 'फेरा' उत्तरपद अफूच्या 'पापावेर सोम्निफेरम' या नावात 'फेरम' होतं, कारण पापावेर नपुंसकलिंगी.

सगळी उत्तरपदं अशी वाकत नाहीत. ज्वारी 'सॉर्घम बायकलर'. सॉर्घम नपुंसकलिंगी असूनही 'बायकलरम' होत नाही. 'बायकलर' प्रथमेच्या एकवचनात तिन्ही लिंगांत सारखंच राहतं, षष्ठी 'बिकोलोरिस'.

वनस्पतीच्या नावात बहुधा प्रथमाच दिसते. पण 2011 अखेरपर्यंत नव्या सपुष्प वनस्पतीचं वर्णन किंवा वेगळेपण लॅटिनमध्ये लिहिणं सक्तीचं होतं, तेव्हा बाकीच्या विभक्त्याही लागत. 1 जानेवारी 2012 पासून इंग्रजीही चालतं.

एक सावधगिरी: शेवटी 'अस' दिसलं की पुल्लिंग समजू नका. लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुतेक स्त्रीलिंगी, त्यामुळे पिंपळ 'फायकस रिलिजिओसा', 'रिलिजिओसस' नव्हे.