सेल्टिक टोळ्यांच्या नादाला कर्ज काढावं का?

नमस्कार ताई,

तुमची मुलगी बारावी कला शाखेत आहे, वहीभर सेल्टिक टोळ्यांचे, म्हणजे प्राचीन युरोपात सेल्टिक भाषा बोलणाऱ्या लोकांचे, नकाशे काढते आणि याच विषयाच्या पदवीसाठी आयर्लंडला जायचं म्हणते. कर्ज काढावं का, असं तुम्ही विचारलंय. पदवीसाठी काढू नका. पण तिची आवड मात्र जपा, ती पोरकट नाही.

तिला विचारा, नकाशावरची ही नावं आपल्यापर्यंत पोचवली कोणी? पॅरिस ज्यांच्या नावावरून पडलं ते पारिसी, स्वित्झर्लंडच्या पठारावरचे हेल्वेटी, मध्य फ्रान्समधले आर्व्हेर्नी यांच्याबद्दल आपल्याला बरंचसं कळतं ते रोमन सेनापती जूलिअस सीझरकडून, म्हणजे त्यांना जिंकणाऱ्याकडून. ब्रिटनमधल्या आयसेनींना ग्रीक-रोमन लेखकांनी सेल्ट म्हटलेलंच नाही. आपण म्हणतो ते भाषेच्या नात्यावरून. सेल्टांची एक शाखा तर थेट तुर्कस्तानात, आजच्या अंकाराच्या परिसरात जाऊन वसली. बाकीचं मातीतून कळतं. ऑस्ट्रियातल्या हालश्टाटला मिठाच्या खाणीजवळ १८४६ पासून शेकडो प्राचीन कबरी उकरल्या गेल्या. तेव्हा या विषयात टिकायला जुन्या भाषा हव्यात आणि खणायची तयारी हवी.

भाषेत आपली मुलं मागे नाहीत. सीझरशी लढलेल्या व्हर्सिंजेटोरिक्सच्या नावातला ‘रिक्स’ आणि आपला ‘राजा’ एकाच मुळातून आलेले. जुन्या आयरिशमध्ये गाय ‘बो’, संस्कृतात ‘गो’. म्हणून तिला पदवीला संस्कृत किंवा इतिहास घेऊ द्या, इथेच. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व किंवा भाषाशास्त्रात एम.ए. करता येतं. तेवढ्यावर पुरातत्त्व खातं, संग्रहालय, नेट देऊन अध्यापन, या वाटा खुल्या राहतात. महाराष्ट्रात निव्वळ सेल्टिक अभ्यासावर नोकरी मिळणार नाही, हे तिला आजच स्पष्ट सांगा.

एम.ए.नंतरही ओढ टिकली, तर डब्लिन, एडिनबरा, केंब्रिज इथे सेल्टिक अभ्यास आहे. तेव्हा उत्खननाचा अनुभव आणि दोन जुन्या भाषा हाताशी असतील, तर शिष्यवृत्तीच्या अर्जाला वजन येईल.

परीक्षा झाली की तिला लॅटिनचं प्राथमिक पुस्तक आणून द्या. सीझर गॉलचे, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सचे, तीन भाग सांगतो ती सुरुवात तिने मुळातून वाचली, की मला पुन्हा लिहा.