क्लिकचे पैसे परत हवेत? आधी साठ दिवस मोजा

शेंदुरजना घाटच्या एका रोपवाटिकाधारकांचं 20 ऑगस्टचं पत्र आलंय. संत्रा कलमांची गुगलवर जाहिरात, प्रत्येक क्लिकला पैसे कापले जातात, रोजचं बजेट 700 रुपये. ते सकाळी नवाच्या आत संपतं आणि फोन एकही येत नाही. जूनपासून हेच चाललंय. शेजारचा रोपवाटिकावालाच क्लिक मारतो असा त्यांना संशय आहे, त्याच्यावर केस करायची म्हणतात. बोअरवेलवाले, मंगल कार्यालयवाले यांचीही अशीच पत्रं येतात.

भाऊ, शेजाऱ्याचं नंतर पाहू. गुगल ॲड्सच्या करारात अट आहे की रक्कम आकारल्यापासून 60 दिवसांत दावा केला नाही, तर तो तुम्ही सोडून दिला असं धरायचं. संशयास्पद क्लिकचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. तुमच्या पत्राच्या तारखेपासून मागे मोजलं तर 21 जूनच्या आधीचे पैसे मुदतीबाहेर गेलेत, आणि रोज आणखी एकेका दिवसाचे जाताहेत. दोन महिने तुम्ही वेबसाइट बनवणाऱ्या मुलाला व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट पाठवत राहिलात. तो दावा होत नाही. हे पहिल्याच आठवड्यात विचारायला हवं होतं. करार कायद्याच्या कलम 28 नुसार अशी हक्क संपवणारी अट रद्दबातल आहे असा युक्तिवाद करता येतो, पण त्यासाठी कोर्टाच्या तारखा मोजत बसावं लागेल. गुगलकडे संशयास्पद क्लिकची तक्रार करायचा क्लिक क्वालिटीचा फॉर्म फुकट आहे, तो आजच भरा.

फॉर्मआधी खात्यात ‘इनव्हॅलिड क्लिक्स’चा रकाना उघडा. त्यातले क्लिक गुगलने आधीच वगळलेत, त्यांचे पैसे पुन्हा मागू नका. मग होस्टिंगवाल्याकडून, म्हणजे तुमची वेबसाइट ज्याच्या सर्व्हरवर आहे त्याच्याकडून, सर्व्हर लॉग (वेबसाइटवर कोण कधी आलं याची नोंद) लेखी मागवा, कारण जुने लॉग आपोआप पुसले जातात. लॉगमध्ये जीक्लिडकडे (जाहिरातीच्या प्रत्येक क्लिकला गुगल देतं तो वेगळा क्रमांक) बघा. एकच जीक्लिड दहादा दिसला तर बहुधा कुणी पान पुन्हा पुन्हा उघडलंय, तो क्लिक एकच. एकाच आयपीवरून (इंटरनेट जोडणीचा पत्ता) वेगवेगळे जीक्लिड, तेही काही सेकंदांच्या अंतराने, ही खरी खूण. तारीख, वेळ, आयपी, जीक्लिड असा तक्ता करून जोडा. मान्य झालं तरी रोख मिळणार नाही, जाहिरातीचं क्रेडिट मिळेल.

शेजाऱ्याचं नाव तक्रारीत लिहू नका. मोबाइल कंपनीचा एकच आयपी एका वेळी अनेक ग्राहक वापरतात, तेवढ्यावर माणूस सिद्ध होत नाही, उलट बदनामीचा दावा तुमच्यावरच यायचा. सायबर पोलिसांकडे अज्ञात इसमाविरुद्ध तक्रार द्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं संगणकाशी संबंधित गुन्ह्यांचं कलम 66 लागू होईल की नाही, हे लॉगमध्ये काय निघतं त्यावर ठरेल. आयपीमागचा ग्राहक कोण, हे पोलिसांनाच कंपनीकडून काढता येतं. लॉग कोर्टात न्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागेल, म्हणून मूळ फाइलला हात न लावता प्रतीवर काम करा.

अमरावतीच्या ग्राहक आयोगात जाता येईल, पण रोपवाटिका केवळ स्वयंरोजगारासाठी आहे हे तुम्हाला दाखवावं लागेल. पंधरा मजूर कामावर असतील तर ते अवघड आहे.

दरम्यान सर्च पार्टनर आणि डिस्प्ले नेटवर्क (गुगलबाहेरच्या साइटवर जाहिरात दाखवणारे पर्याय) बंद करा, आणि लोकेशनमध्ये त्या भागात प्रत्यक्ष असलेली माणसं हाच पर्याय ठेवा. एका मोहिमेत 500 आयपी रोखता येतात, मोबाइलवाल्यांवर मात्र त्याचा फारसा उपयोग नाही. आणि खातं त्या मुलाच्या ईमेलवर असेल तर फॉर्म त्याच्याच लॉगिनमधून भरावा लागेल, तेव्हा आज संध्याकाळीच त्याला समोर बसवा.