पुण्यात बनते ती मलेरियाची लस आम्हाला का मिळत नाही?

प्रश्न: आम्ही परळला चाळीत राहतो, बाजूला टॉवरचं काम चालूय. माझ्या ९ वर्षांच्या मुलाला जुलैत मलेरिया झाला, बरा होऊन शाळेत जायला लागला आणि सप्टेंबरात परत थंडी वाजून ताप, रिपोर्टमध्ये परत मलेरियाच. मिस्टर म्हणतात लस पुण्यातच बनते तर टोचून टाकू, पण मेडिकलवाले नाही म्हणाले. कुठे मिळेल?
– एक आई

उत्तर: ताई, इथे मिळणार नाही, आणि मिळाली असती तरी तुमच्या मुलाला बहुतेक उपयोग झाला नसता, का ते सांगते.

लस पुण्याची हे खरंय. आर२१ तिचं नाव, ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांची, सिरम इन्स्टिट्यूट बनवते, डब्ल्यूएचओने ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारस केली. तिच्या आधीच्या आरटीएस,एस या लसीची डब्ल्यूएचओने २०२१ ला शिफारस केली पण तिचं काम १९८७ पासून चालू होतं! एवढी वर्षं लागली कारण हा जंतू गोवरासारखा साधा व्हायरस नाही, अंगात शिरल्यावर रूपं बदलतो. डास चावला की तासाभरात लिव्हरमध्ये जाऊन बसतो आणि बाहेर येतो तेव्हा ओळखू येत नाही, लसीला त्याला वाटेतच गाठावं लागतं. दोन्ही लसी मलेरियाच्या फाल्सिपेरम या जातीवरच्या, ५ महिन्यांपासूनच्या बाळांना ४ डोस. जगात वर्षाला जवळपास ६ लाख माणसं मलेरियाने जातात, त्यातली बहुतेक आफ्रिकेतली ५ वर्षांखालची पोरं, म्हणून लस आधी तिकडे जाते आणि जायलाच हवी.

आपल्या मुंबईत जास्त करून व्हायवॅक्स ही दुसरी जात. तो लिव्हरमध्ये झोपून राहतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी परत उठतो, त्यावर अजून लस नाही पण औषध आहे. क्लोरोक्विनने रक्तातले जंतू मरतात, लिव्हरमधल्यांसाठी प्रायमाक्विन, १४ दिवस. होतं काय, तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप उतरतो, पोरगं खेळायला लागतं आणि उरलेल्या गोळ्या डब्यात जातात, हे मी घराघरात बघते आणि जीव तुटतो. (प्रायमाक्विनच्या आधी जी६पीडी ही रक्ताची टेस्ट करायची असते, डॉक्टरांना विचारा.)

नवीन डास चावला असणंही शक्य आहे. मलेरियाचा डास गटारातला नाही, स्वच्छ पाण्यातला, तुमचं पिंप, गच्चीवरची झाकण तुटलेली टाकी, टॉवरच्या स्लॅबवर साठवलेलं पाणी. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात म्हणून पिंप आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामं करून आतून घासा, नुसतं वरून पाणी ओतून चालत नाही, अंडी राहू शकतात.

आता जुलैचा आणि सप्टेंबरचा दोन्ही रिपोर्ट काढा, पीव्ही (व्हायवॅक्स) लिहिलंय की पीएफ (फाल्सिपेरम) ते बघा, आणि जुलैतल्या किती गोळ्या उरल्यात त्या मोजून आजच डॉक्टरांना खरं सांगा, ते रागावले तरी.