समुद्र आपला सगळा कार्बन का घेत नाही, आणि घेतलेला कायमचा आत राहतो का?

तुम्ही विचारलंय की हवेच्या जवळजवळ ५० पट कार्बन समुद्रात असेल, तर आपण सोडलेला सगळाच कार्बन डायऑक्साइड तो का घेत नाही, आणि एकदा आत गेला की कायमचा गेला ना?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते. नाही, कायमचा जात नाही. समुद्र कार्बन पोटात घेतो, तिथे त्याचं बरंच काही होतं आणि पुष्कळसा परत वर येतो. याच्याशी जोडलेल्या एका मोजणीवरून मी एका मोठ्या माणसाशी भांडले आहे आणि ते भांडण माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

मी संशोधन जहाजांवर पाण्याचे नमुने घेण्याचं आणि त्यातला कार्बन मोजण्याचं काम केलं आहे. २४ बाटल्यांचं कडं तारेवरून ४००० मीटर खाली सोडायचं आणि वर येताना ठरलेल्या खोलीवर एकेक बाटली बंद करायची. वर यायलाच तासाभराच्या वर लागतो. डेकवर रणरणतं ऊन असतं, पण खालच्या बाटल्यांना बाहेरून घाम फुटलेला असतो, कारण आतलं पाणी जेमतेम २ अंशांचं. नळी धरून धरून बोटं बधिर होतात. ऑक्सिजनवाल्यांचे नमुने काढून झाले की आमचा नंबर. काचेच्या बाटलीच्या तळाशी नळी टेकवायची, बुडबुडा येऊ द्यायचा नाही, बाटली भरली की आणखी तेवढंच पाणी वाहू द्यायचं. मग वरचं थोडं पाणी काढून मर्क्युरिक क्लोराइडचं संपृक्त द्रावण घालायचं, अर्ध्या लिटरला १०० मायक्रोलिटर. बुचाला ग्रीज लावून बाटली घट्ट बंद करायची.

हे विष कशासाठी, तर बाटलीत जीव असतात म्हणून. पाणी काचेत बंद केलं तरी त्यातले जिवाणू खातच राहतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात. मग तुम्ही मोजता तो समुद्रातला कार्बन राहत नाही, बाटलीतला होतो.

एका मोहिमेत आम्ही प्रत्येक नमुन्याची जोडी घेत होतो. एक बाटली जहाजावरच काही तासांत मोजायची, दुसरी किनाऱ्यावर नेऊन पडताळणीसाठी. दीड महिन्याने एका स्टेशनच्या, म्हणजे समुद्रात नमुने घेतलेल्या एका ठिकाणच्या, किनाऱ्यावर नेलेल्या बाटल्या मोजल्या, तर वरच्या थरातल्या नमुन्यांत किलोभर पाण्यामागे ९ ते १३ मायक्रोमोल (रेणू मोजायचं बारीक एकक) कार्बन जास्त. खोल पाण्याच्या बाटल्या मात्र १-२ च्या फरकात जुळत होत्या.

आमचे मुख्य शास्त्रज्ञ म्हणाले, "यंत्र घसरलंय. सरासरी फरक काढ आणि सगळ्यांतून वजा कर." मी म्हटलं, "सर, यंत्र घसरलं असतं तर खालचे आकडेही घसरले असते. आणि प्रमाणित नमुना बरोबर वाचला जातोय." त्यावर ते सगळ्यांसमोर म्हणाले, "बाटल्या भरायचं काम तुझं, अर्थ लावायचं आमचं."

मी गप्प बसले आणि त्या पाळीची नोंदवही काढली. मर्क्युरिक क्लोराइडच्या कुपीवरची पातळी आम्ही पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी लिहून ठेवायचो. त्या पाळीत ती हललेलीच नव्हती. वहीत २४ च्या २४ बाटल्यांपुढे बरोबरची खूण होती, पण विष एकाही बाटलीत पडलं नव्हतं. पहाटेची पाळी, तार ओढणारी विंच अडकली, सगळे धावले, आणि खुणा आधीच करून ठेवलेल्या होत्या. वरच्या पाण्यात जीव होते आणि त्यांना खायला होतं, म्हणून तिथला कार्बन वाढला. खोल पाण्यात दोन्ही नगण्य, म्हणून तिथले आकडे जागचे हलले नाहीत. अहवालात मात्र तो अख्खा संच "विश्लेषकाची चूक" म्हणून बाद झाला. विश्लेषक मी.

१०-१२ मायक्रोमोलसाठी एवढं काय, असं वाटेल. वरच्या थरात विरघळलेला कार्बन किलोमागे साधारण २००० मायक्रोमोल असतो आणि माणसाच्या धुरामुळे त्यात वर्षाला पडणारी भर साधारण १ मायक्रोमोल. म्हणजे विसरलेल्या थेंबाने दीड महिन्यात जी गडबड केली, ती माणसाच्या दहाएक वर्षांच्या धुराएवढी होती. समुद्र किती कार्बन घेतो हे आपण छातीठोकपणे सांगतो, ते एवढ्या बारीक फरकांवर उभं आहे.

आणि त्या बाटलीत जे झालं तेच समुद्रात होतं. वरच्या उजेडात वनस्पतीप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म वनस्पतीसारखे जीव, वर्षाला सुमारे ५० अब्ज टन कार्बन बांधतात, पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणाचा जवळजवळ निम्मा भाग. त्यातला बराचसा तिथेच खाल्ला जाऊन परत विरघळतो. उरलेला मेलेल्या पेशी, विष्ठेच्या गोळ्या, चिकट धागे असा भुरभुरत खाली जातो. वाटेत जिवाणू त्यावर जगतात आणि कार्बन परत पाण्यात सोडतात, फक्त आता हजारभर मीटर खाली. तळापर्यंत साधारण शंभरातला एखादा भाग पोचतो आणि गाळात पुरला जातो तो त्याहूनही कमी. खरं कुलूप लागतं ते तेवढ्यालाच.

दुसरी वाट पाण्याच्या थंडीची. थंड पाण्यात वायू जास्त विरघळतो. ग्रीनलंडच्या आसपास आणि अंटार्क्टिकाच्या कडेला थंड, खारं, जड पाणी बुडतं आणि कार्बन घेऊन तळातून फिरतं. ते पुन्हा उजेडात यायला शेकडो वर्षं लागतात, कुठे कुठे हजारच्या आसपास. पण येतं. विषुववृत्तीय प्रशांत महासागरात खालचं पाणी वर येतं तिथे समुद्र कार्बन डायऑक्साइड हवेत सोडत असतो. एल निनोच्या वर्षी हे वर येणं मंदावतं, तेव्हा तेवढ्यापुरतं सोडणंही कमी होतं.

आता तुमचा पहिला भाग. सगळा का घेत नाही? कारण समुद्रातला कार्बन बहुतेक कार्बन डायऑक्साइडच्या रूपात नसतोच. सुमारे ९० टक्के बायकार्बोनेट, ९ टक्क्यांच्या आसपास कार्बोनेट आणि जेमतेम १ टक्का विरघळलेला वायू. नवा वायू आला की तो कार्बोनेटशी जुळून बायकार्बोनेट होतो. कार्बोनेट मोजकंच, आणि ते खर्ची पडत जातं तशी पाण्याची भूक कमी होते. हवेत हा वायू १० टक्क्यांनी वाढला, तर वरच्या पाण्यातला एकूण कार्बन जेमतेम १ टक्क्याने वाढतो. १९५७ साली रॉजर रेव्हेल आणि हान्स स्यूस या शास्त्रज्ञांनी हा अडसर मांडला. तोवर समुद्र सगळं सामावून घेईल असं पुष्कळ शास्त्रज्ञांनाही वाटत होतं. त्यात वरचा थर भरला की खालच्या पाण्याशी तो सावकाश मिसळतो, आणि पाणी तापलं की आणखी सावकाश. म्हणून आज आपण सोडतो त्यातला साधारण चौथा हिस्साच समुद्र घेतो. त्याचीही किंमत आहे. औद्योगिक काळाच्या आधीपासून वरच्या पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) ८.२ वरून ८.१ वर आला आहे. ऐकायला किरकोळ, पण त्यात आम्लता ३० टक्क्यांच्या आसपास वाढली.

एक सांगायचं राहिलं. हजारो वर्षांच्या हिशोबात तळाचा चुनखडी गाळ विरघळून समुद्राची क्षमता पुन्हा वाढते, त्यामुळे "शेवटी समुद्र बराचसा घेईल" हे म्हणणं खोटं नाही. फक्त ते शेवटी आपल्या कुणाच्या कामाचं नाही. आणि यंत्रांवर माझा राग नाही. दक्षिण महासागरात हिवाळ्यात जहाजं सहसा जात नाहीत, तिथे पीएच मोजणारे तरंगते फ्लोट अख्खं वर्ष काम करतात. पण त्यांचे आकडे आजही कुणीतरी हाताने भरलेल्या बाटल्यांशीच ताडून पाहावे लागतात.

तुम्ही विद्यार्थी असाल आणि या क्षेत्रात यायचं असेल, तर मॉडेल शिकाच, पण त्याआधी एक मोहीम डेकवर काढा. बाटल्या भरणाऱ्यांना अर्थ लावता येत नाही असं कुणी म्हणालं, तर त्याला कुपीवरची पातळी विचारा. आणि खूण विष घातल्यावर करा, आधी नाही.